छावणीतला पहिला महिना

युद्धातून पळून छावणीत आलेल्या माणसासमोर वही-पेन घेऊन बसायचं आणि "काय काय घडलं ते सांगा" म्हणायचं, ही आपल्याकडच्या बऱ्याच स्वयंसेवकांची पहिली चूक. हेतू चांगला असतो. बोललं की मन मोकळं होतं, हे आपण ऐकत आलोय. पण नुकतंच युद्धातून सुटलेल्या माणसाला सगळा प्रसंग एकाच बैठकीत उगाळायला लावल्याने पुढचे मानसिक आजार टळत नाहीत, काहींना तर त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना हा प्रकार करू नका असं सांगते. तो आपणहून बोलला तर ऐका. खोदून विचारू नका.

संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं आहेत: पाहा, ऐका, आणि माणसाला लागणाऱ्या मदतीशी व माहितीशी जोडून द्या. पहिली दोन सगळ्यांना जमतात. अडतं ते तिसऱ्यावर. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध कुठे घेतला जातो, शिधापत्र कोण देतं, उद्या बस सुटणार की नाही, हे ठाऊक नसेल तर तुमच्या सहानुभूतीचा उपयोग थोडाच. खरी माहिती द्या. जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणून सांगा. "सगळं ठीक होईल" हे वाक्य मात्र वर्ज्य.

बरं, किती जण खरोखर आजारी असतात? २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात राहणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना कोणत्याही वेळी एखादा मानसिक आजार असतो. त्यांतले तीव्र आजार असणारे म्हणजे एकूण लोकांच्या साधारण ५ टक्के. या २२ टक्क्यांबाहेरच्या अनेकांनाही झोप न लागणं, दचकणं, चिडचिड, रडू येणं हे होतंच, पण त्याला आजार म्हणू नये. रांगेतली अनिश्चितता, रिकामे हात, अंधारात शौचालयाला जाण्याची भीती, या गोष्टी युद्धाच्या आठवणींइतकंच मन पोखरतात. शौचालयाजवळ दिवा लावणं हेही मानसिक आरोग्याचंच काम आहे, हे मात्र निधी देणाऱ्यांना पटवणं अवघड जातं.

आता त्या ५ टक्क्यांकडे, आणि औषध किंवा दारू अचानक तुटलेल्यांकडे या, कारण तेच नजरेतून सुटतात. नोंदणीच्या अर्जात एक प्रश्न असायलाच हवा: "रोजची कोणती गोळी चालू होती, आणि शेवटची कधी घेतली?" पळताना औषधं मागे राहतात. अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) गोळी अचानक बंद झाली की झटके येऊ शकतात, कधी एकामागून एक, न थांबता. तो जीवघेणा प्रसंग असतो. स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराचा) रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा बिघडू शकतो आणि घरचे कधी त्याला बांधून ठेवतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू तुटली की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरतो, घामाघूम होतो, कधी नसलेली माणसं पाहतो. सोबतचे म्हणतात, युद्धाचा धक्का. ती दारू तुटल्याची तातडीची वैद्यकीय अवस्था असते. तिथे डायझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिन (बी१ जीवनसत्त्व) लागतं. तेच डायझेपाम झोप येत नाही म्हणून पहिल्या महिन्यात सरसकट वाटू नका, सवय लागते.

महिनाभरानंतरही ज्यांचं रोजचं काम अडलेलं आहे, त्यांच्यासाठी 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पद्धत आहे: आठवड्याला एक, अशा ९० मिनिटांच्या पाच बैठका. संथ श्वास, सुटण्याजोगी एक अडचण निवडून तिचे तुकडे पाडणं, सोडलेलं काम थोडं थोडं सुरू करणं आणि आधाराची माणसं शोधणं, एवढंच तिच्यात असतं. त्यांच्याच भाषेतला, प्रशिक्षण घेतलेला साधा कार्यकर्ता ती चालवू शकतो, पण त्याच्यावर अनुभवी माणसाची नियमित देखरेख हवी. आत्महत्येचा बेत किंवा भ्रम दिसला तर बैठका नकोत, लगेच डॉक्टरकडे. आणि दुभाषी म्हणून घरातल्या मुलाला कधीही बसवू नका: आई त्याच्यासमोर खरं बोलत नाही, आणि बोललीच तर ते ओझं त्याच्या डोक्यावर राहतं.