१६० चौरस फुटांची ऊब

(दृश्य: वरळी. बीडीडी चाळीतला लांब पॅसेज. दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं उघडी. दारांबाहेर चपला.)

या खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. हिशेबाला दहा फूट बाय सोळा फूट धरा. एवढ्यात चूल, देव, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याचा चहा, कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण आणि रात्री सात-आठ माणसांची अंथरुणं. तरीही इथं वाढलेल्या माणसांशी बोललं, की जागेच्या तक्रारीआधी खोलीबद्दलची माया कानावर येते. ती माया कशातून आली, ते पाहायला आम्ही इथं आलो.

१९२० साली मुंबई सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं काढलं. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, संडास सगळ्यांना मिळून. भिंती काँक्रीटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतल्या काही इमारती सरकारनं तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापरल्या. तुरुंग म्हणून चालली, इतकी कोरडी ही बांधणी. तिच्यात घरपण आणलं ते गिरणीच्या पगारात महिना काढणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनी. त्यांच्याकडे सजावटीला वेगळा पैसा कधीच नव्हता.

(दृश्य: खोलीच्या आत. पोटमाळा, त्यावर ट्रंका. भिंतीलगत घडी करून ठेवलेली अंथरुणं.)

आज पुण्यात, डोंबिवलीत, नाशिकला नवी नोकरी लागलेली मुलं-मुली भाड्यानं घर घेतात. हातात थोडे पैसे असतात आणि मोबाइलवर सोफ्यांची चित्रं. पहिल्याच महिन्यात हप्त्यांवर सोफा येतो, काचेचं टीपॉय येतं, भिंतीवर चिकटवायचा कागद येतो. घर भरतं. संध्याकाळी मात्र त्याच घरात, माथ्यावरच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात, पलंगाच्या कडेला बसून जेवण उरकलं जातं. हे पाहून वाईट वाटतं, कारण त्याच्या पाव खर्चात ते घर विसावा देणारं करता आलं असतं.

चाळीतल्या खोल्या पाहताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पैसा खर्च झालाय तो जिथं अंग टेकतं तिथं. अंथरूण, पांघरूण, बसायची जागा, पाठीमागची भिंत, पायाखालची फरशी. डोळ्यांना दाखवायच्या वस्तू त्यानंतर, आणि बहुतेक वेळा फुकटात. घर सजवण्याचा हाच क्रम आम्हाला सर्वात शहाणा वाटतो.

(दृश्य: गोधडी शिवणारे हात. सुईचा जवळून शॉट.)

गोधडीपासूनच सुरुवात करू.

जुनं लुगडं शेकडो वेळा धुतलेलं असतं. त्यातली खळ केव्हाच गेलेली, धागा मऊ झालेला. असे थर एकावर एक अंथरायचे, वरखाली त्यातलं चांगलं कापड, मध्ये फाटकं-विरलेलं, धोतरं, चादरी, मुलांची झबली. कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत बाहेरून आत यायचं. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार. थरांच्या मधे हवा अडकून राहते, तीच अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. सुती असल्यामुळे घामही शोषला जातो. म्हणून गोधडी थंडीत पांघरता येते आणि उन्हाळ्यात खाली अंथरता येते. कोल्हापूर-साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात.

गोधड्या शिवायचा काळ पावसाळ्याआधीचा, कारण अंगणात ऐसपैस पसरायला कोरडी जमीन लागते. अजूनही पुण्याच्या आणि आसपासच्या गावांच्या गल्ल्यांमधून गोधडी शिवून देणाऱ्या बायका हाक देत जातात. कापड तुमचं, दोरा आणि मेहनत त्यांची. आमचं कळकळीचं सांगणं आहे, मजुरीत घासाघीस करू नका. बाजारातल्या चकचकीत रजईपेक्षा ही गोधडी कितीतरी वर्षं जास्त टिकते, आणि त्यात आईच्या साडीचा काठ असतो. एक मात्र पाहा, नायलॉनच्या, सिंथेटिक साड्या आत घालू नका. त्या घसरतात, थर गोळा होतात आणि घाम अंगावरच राहतो.

गादीचंही तसंच. कापसाची गादी दबून दगड झाली की लोक टाकून देतात. कापूस वाया गेलेला नसतो, नुसता बसलेला असतो. गादीवाल्याकडे तो पिंजून, नव्या खोळीत भरून घेतला की गादी पुन्हा फुगते. नव्या गादीपेक्षा हे बरंच स्वस्तात होतं. उरलेल्या कापसातून दोन लोड भरून घ्या. भिंतीशी गादी, गादीला टेकून लोड, वर एक सोलापुरी चादर. बैठक तयार. चादरीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, उलटी केली की नक्षीतले रंग अदलाबदल होतात, म्हणजे एका किमतीत दोन चादरी. खाली बसायची सवय असलेल्या घराला सोफ्याची घाई नसते. आणि बसणं जमिनीलगत आलं, की छत उंच वाटायला लागतं, लहान खोली मोकळी दिसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक चांगली पाठीची खुर्ची हवीच, तिथं काटकसर नको.

पावसाळ्यात गादी थेट फरशीवर ठेवली तर खालून ओल धरते, बुरशी येते. खाली चटई घाला आणि रोज सकाळी गादी उभी करून भिंतीला टेकवा. चाळीत अंथरुणं रोज उचलली जायची ती जागेसाठी, पण त्यात गादीचंही भलं व्हायचं.

(दृश्य: संध्याकाळ. एकाच खोलीचे दोन शॉट. आधी पांढरी ट्यूब, मग कोपऱ्यातला पिवळसर दिवा.)

आता हे पाहा. खोली तीच, माणसं तीच, भिंतीचा रंग तोच. बदलला आहे फक्त दिवा.

दुकानात साधा एलईडी दिवा मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो निळसर पांढऱ्या उजेडाचा. खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. हा उजेड भर दुपारचा. कामाला उत्तम, पण रात्री नऊ वाजता तो आपल्याला दुपारीच बसवून ठेवतो. त्याच दुकानात, जवळजवळ त्याच किमतीत, २७०० किंवा ३००० केचा दिवा मिळतो, खोक्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं. तो मागून घ्या. ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही वीज लागत नाही. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाल्यावर एलईडी दिवे सामान्य घराच्या आवाक्यात आले. त्या स्वस्ताईचा हा उपयोग अजून पुरेसा झालेला नाही, असं आम्हाला वाटतं.

आणि हा दिवा छताला लावू नका. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याच्याही खाली, कोपऱ्यात असू द्या. वरून पडणारा उजेड खोली सपाट करतो. कोपऱ्यातून येणारा उजेड भिंतीवर चढतो, सावल्या पाडतो, अर्धी खोली मऊ अंधारात ठेवतो. पुण्याच्या बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या मिळतात, त्यातली एखादी उलटी करून शेड करता येते. त्यात फक्त एलईडी लावा. जुना तारेचा बल्ब फार तापतो, बांबूजवळ तो धोक्याचा. वायर आणि होल्डर वायरमनकडूनच बसवून घ्या.

ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी पांढरा उजेडच ठेवा. भाजी चिरताना बोट दिसलं पाहिजे.

(दृश्य: खिडकीत मांजरपाटाचा पडदा. दुपारचं ऊन त्यातून झिरपतंय.)

पडद्यांवर लोक खूप पैसे घालवतात. जाड, चमकदार, रिंगा लावलेले पडदे, ज्यांच्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. मांजरपाट घ्या. मुंबईत मंगलदास मार्केटला, पुण्यात लक्ष्मी रोडच्या कापडवाल्यांकडे मीटरवर मिळतं. रंग कच्च्या सुताचा, दुपारचं ऊन त्यातून सायीसारखं होऊन आत येतं. शिवायला देण्याआधी एकदा धुवून घ्या, कारण ते आटतं. आणि रुंदी दांडीच्या दुप्पट घ्या. पडद्याला चुण्या पडल्या नाहीत तर तो टांगलेल्या चादरीसारखा दिसतो.

कापड विकत घ्यायचंच नसेल तर घरातलं सुती नऊवारी लुगडं काढा. त्याची लांबी सुमारे आठ मीटर. दीड मीटर उंचीचे पाच तुकडे निघतात, म्हणजे दोन खिडक्यांचे चार पडदे आणि उरलेल्या तुकड्यातून ओट्याखालची पडदी. त्या पडदीमागं सिलिंडर, बटाट्याची टोपली, पिठाचा डबा, सगळं झाकून जातं. चाळीत कपाटाला दारं करायला पैसे नसायचे, तेव्हा हीच युक्ती घराघरात होती. नजरेला पसारा दिसला नाही की डोकंही शांत राहतं.

भिंतींचं लवकर सांगतो. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय काही करू नका. गावाकडचं, चुन्याच्या गिलाव्याचं घर असेल तर चुनाच लावा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा डिंक घालायचा म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओलाव्यात बुरशीही सहज धरू देत नाही. पण ऑइल पेंट मारलेल्या भिंतीवर तो टिकत नाही, पापुद्रे निघतात. झाडांसाठी नर्सरीत जायलाही नको. शेजारणीकडून पानांच्या ओव्याची फांदी मागा, मातीत खोचा, लागते. मनी प्लांट तर पाण्याच्या बाटलीतही वाढतं. तुळशीला मात्र ऊन हवं, ते नसेल तर तिचे हाल करू नका.

(दृश्य: पुण्याचा जुना बाजार. पितळी डबे, लाकडी पाट, एक घोंगडी.)

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत चोर बाजार आहे, जोगेश्वरीला ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट आहे. इथं जाताना यादी करून जा, नाहीतर पिशव्या भरतात आणि हाताशी लागणारं काहीच येत नाही. आम्ही काय शोधू ते सांगतो. सागवानी पाट, कारण त्यावर बसता येतं, रोपं ठेवता येतात आणि गादीशेजारी चहाचा कप टेकवता येतो. लाकडी फळी. पितळेचा एखादा डबा, चिंचेनं घासला की पिवळ्या दिव्याखाली खोलीचा कोपरा उजळतो. आणि चांगली घोंगडी दिसली तर सोडू नका. दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. सुरुवातीला टोचते, म्हणून पांघरायची हौस नसेल तर जमिनीवर अंथरा. गुळगुळीत फरशीचा गारवा आणि खोलीचा घुमणारा आवाज, दोन्ही तिच्यामुळे कमी होतात. रिकाम्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो आणि त्यामुळेच ते घर परकं वाटतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

(दृश्य: पुन्हा चाळ. दारात बसून दोन बायका मेथी निवडतायत.)

पॅसेजमधला हा उघड्या दारांचा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही. मधल्या पॅसेजमुळे खोल्यांना समोरासमोर वारा नव्हता. दार लावलं की कोंडायचं, म्हणून दारं उघडी. त्या उघड्या दारांतून वाटीभर साखर गेली, आमटी आली, मुलं चार घरी जेवली. याचे फार गोडवे गाणंही बरं नाही, कारण त्याच दारांनी नव्या सुनेला घटकाभर एकटं बसू दिलं नाही. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी संध्याकाळी तासभर दार उघडं ठेवून पाहावं, सुरक्षेची जाळी लावून का होईना. एक चटई आणि दोन पाट दाराजवळ असू द्यावेत, म्हणजे आलेल्याला बसायला सांगता येतं.

(दृश्य: नव्या उंच इमारती. खाली टेम्पोत सामान भरलं जातंय.)

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. हे त्यांच्या हक्काचं आहे आणि त्याचा आनंद मनापासून आहे. अशी घरं बदलताना जुनं सामान लाजेनं टाकून दिलं जातं, एवढंच डोळ्यांत खुपतं. नव्या हॉलला जुनी ट्रंक शोभत नाही, असं वाटतं म्हणून ती भंगारात जाते.

ती ट्रंक ठेवा. गंजलेला भाग सँडपेपरनं घासा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात द्या, वाळल्यावर आवडत्या रंगाच्या ऑइल पेंटचे दोन हात. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागून बूड पुन्हा गंजणार नाही. आत पाहुण्यांची अंथरुणं आणि थोडा वाळवलेला कडुनिंबाचा पाला. वर गोधडीची घडी घालून ट्रंक खिडकीशी सरकवली, की दोन माणसांना बसायची जागा झाली. रंग आणि प्रायमरचे छोटे डबे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. काम एका रविवारचं, पण वास जायला आणखी दोन दिवस ती गॅलरीत उघडी ठेवा.