आईचं मशीन कोणी विकलं?

संयोजकांनी विषय दिलाय, 'स्मृतिभ्रंश झालेल्या पालकांच्या चुकीच्या आठवणी कशा हाताळाव्यात'. 'कशा हाताळाव्यात' यावर मी येणार आहे, नक्की येणार आहे. पण आधी एक जुनं भांडण काढते. खरं सांगायचं तर ते चारचौघांत काढायला मिळेल म्हणूनच मी आमंत्रणाला हो म्हटलं.

जरा हात वर करा बघू, किती जणांवर आई-वडिलांनी किंवा सासू-सासऱ्यांनी चोरीचा आळ घेतलाय? बघा! ते मागचे काका तर दोन्ही हात वर करताहेत. (हशा)

माझ्यावरचा आळ शिलाई मशीन विकल्याचा होता. आईचं पायमशीन. ते तिनं स्वतः माझ्या मावशीला देऊन टाकलं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मावशी अजूनही त्याच्यावर उश्यांचे अभ्रे शिवते. पण आजार वाढला आणि एका सकाळी आई म्हणाली, "माझं मशीन विकलंस ना तू?" म्हटलं, "अगं, मावशीकडे आहे." तर म्हणे, "तिचं नाव पुढे करू नकोस."

मग त्या गोष्टीत गिऱ्हाईक आलं. आधी नुसता मिशीवाला माणूस होता. नंतर त्याच्या खांद्याला पिशवी आली. मग तो वहीत काहीतरी लिहून घ्यायला लागला आणि मी दारात उभी राहून त्याच्याशी हळू आवाजात सौदा करायला लागले. शेवटी शेवटी ही हकीकत इतकी पक्की झाली की मलाच वाटायचं, विकलं की काय आपण?

आता एंट्री मामांची. मामा फोनवर असतात. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, ज्याचं आईवर अतोनात प्रेम असतं आणि जे फोनवर असतं. मामा म्हणाले, "हे बघ, मी काही तुझ्यावर संशय घेत नाही." या वाक्यानं सुरू होणारा फोन कधी चांगला निघालाय का? "पण ताई इतकं नेमकं सांगतेय. मिशी काय, पिशवी काय, वही काय. काहीतरी घडल्याशिवाय माणूस एवढं बोलेल का? आणि ते मशीन मी स्वतः गेल्या वर्षी तुमच्याकडे खिडकीखाली पाहिलंय."

स्वतः! गेल्या वर्षी! मामा ठणठणीत आहेत, रोज शब्दकोडं सोडवतात. घरात नसलेलं मशीन त्यांनी खिडकीखाली पाहिलं, पण त्यांना कोणी डॉक्टरांकडे नेलं नाही. तपासणी फक्त आईची झाली आणि चौकशी माझी.

तो मिशीवाला कोण, ते मला पुढे एका दुपारी कळलं. मीटरचं रीडिंग घ्यायला येतो तो! खांद्याला पिशवी, हातात वही, आणि आई आत झोपलेली असते म्हणून मी त्याच्याशी दारातच हळू बोलते. म्हणजे बघा, मिशी खरी, पिशवी खरी, वही खरी, माझा दबका आवाजही खरा. एके काळी घरात मशीन होतं आणि आता नाही, तेही खरं. बरण्यांमधला माल शाबूत होता, वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या गळून पडल्या होत्या. हे कुठलं, ते कधीचं, हे मी पाहिलं की कोणाकडून ऐकलं, ही नोंदच राहिली नव्हती.

ही नोंद ठेवण्यात आणि पडताळण्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा, कपाळामागच्या भागाचा, मोठा वाटा असतो. नव्या आठवणी रुजवण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं, आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजारात, तो लवकर खचतो. जिथे आठवण नाही तिथे मेंदू बरेचदा रिकामी जागा सोडत नाही, हाताशी असेल त्यानं ती भरतो. सेर्गेई कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टरांनी 1887 पासून अशा रुग्णांची वर्णनं लिहिली. यात फसवण्याचा हेतू अजिबात नसतो, हे मामांना मी तीनदा सांगितलंय.

आणि मामांची आठवण? 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा एकमेकींवर 'आदळून चुराडा' झाला तेव्हा किती होता? आठवड्यानं प्रश्न केला, फुटलेली काच पाहिलीत? चुराडावाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, धडकवाल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरुण, निरोगी मुलं होती ही.

आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी एवढा घाट घातला. आळ घ्यायला माणूस समोर लागतो. अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या बाईंच्या केसवरून हा आजार जगापुढे मांडला त्या ऑगस्टे डेटर, 1901 मध्ये रुग्णालयात आल्या तेव्हा 51 वर्षांच्या. त्यांच्यात ठळकपणे दिसलेलं पहिलं लक्षण कोणतं, माहितीये? नवऱ्याबद्दल संशय. त्या घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायच्या, हेही नोंदलेलं आहे. लपवलेली वस्तू सापडत नाही, लपवल्याचं आठवत नाही, मग नेली कोणी? जो दिवसभर घरात वावरतो त्यानं. मामांवर आळ येणार कसा? ते फोनवर असतात! तेव्हा घरातल्यांनो, ज्याच्यावर आळ आहे, बहुतेक वेळा तोच औषधं देत असतो, अंघोळ घालत असतो. चौकशी समिती नेमण्याआधी एवढं बघा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग भराभर सांगते.

वाद घालू नका. 2014 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या 17 रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या फिल्म दाखवल्या. थोड्या वेळात फिल्म विसरली गेली, भावना मागे राहिली. आईशी कडाक्यानं भांडलात तर ती भांडण विसरेल, पण राग राहील. मला वाटतं, त्या बिनमालकीच्या रागालाच पुढे नवीन कारण सापडतं. 'मशीन तुझं किती लाडकं होतं गं, पहिलं काय शिवलंस त्यावर?' असं विचारा. मी विचारलं, तर तासभर बोलली.

गेलेल्या माणसाला ती हाक मारते, तेव्हा दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका, तिच्यासाठी ती दर वेळी नवी असते. त्या माणसाबद्दल बोला. पण तिनं सरळ विचारलं, 'ते गेले का रे?' तर खोटं बोलू नका. रोज नव्या थापा रचायचा सल्ला देणारेही भेटतील, मला तो पटत नाही.

दोन गोष्टी मात्र निक्षून. गोंधळ तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर 'आजारच आहे' म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, असं काहीही असू शकतं. आणि प्रत्येक तक्रार भ्रम समजू नका. म्हाताऱ्या माणसांचे पैसे खरोखरही चोरले जातात, त्यांना मारहाणही होते. अंगावर वळ दिसले, खात्यातून रक्कम गेली, तर आधी तपासा.

सह्या, मृत्युपत्र, बँकेचे कागद हे सगळं आजाराच्या सुरुवातीलाच करून घ्यायचं असतं, त्यावर बोलायचं राहिलंच. ते आता प्रश्नोत्तरांत घेऊ. मागचे काका, पहिला प्रश्न तुमचा, पण हात एकच वर करा.