बावटा उतरेपर्यंत

(वैनगंगेकाठच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, शिडाच्या नौकेतून केलेल्या प्रवासावर बोला, असे वाचनालयाच्या अध्यक्षांनी सांगितले तेव्हा त्या प्रवासाचा कोणता भाग सांगावा, याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. वारा शिडात भरला, नौका एका अंगावर कलली आणि पाणी कापत निघाली, हे वर्णन पाच मिनिटांत संपते. २० ऑक्टोबर २०१९ रोजी आम्ही चौघे मुंबईहून गोव्याकडे निघालो आणि १० नोव्हेंबरला पोहोचलो. या बावीस दिवसांपैकी नौका चालली ती सहा दिवस. उरलेले सोळा दिवस आम्ही विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकून बसलो होतो. त्या सोळा दिवसांविषयी मी आज बोलणार आहे, कारण नौकानयनाचे जे काही थोडेफार ज्ञान मला आहे, त्यातले बरेचसे त्याच दिवसांत मिळाले.

थांबण्याचे पहिले शिक्षण मात्र मला समुद्रावर मिळालेले नाही. ते आपल्याच घाटावर मिळाले. माझ्या लहानपणी पैलतीरावरच्या बाजाराला डोंग्यातून जावे लागे आणि डोंगा हाकणारे ढिवर समाजातले आजोबा पावसाळ्यात कितीतरी दिवस तो काठावर ओढून ठेवीत. बाया टोपल्या घेऊन ताटकळत, कोणी दुप्पट पैसे देऊ करी; पण आजोबा नदीकडे बोट दाखवून एवढेच म्हणत, "पानी लाल हाये, उतरू दे." पाणी लाल आहे तोवर वरच्या अंगाचा पूर चालू आहे आणि त्यात ओंडके वाहत येणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या डोंग्यात बसून कोणी बुडाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता विजयदुर्गकडे येऊ. वाघोटन नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिणेच्या बाजूला किल्ल्याचा डोंगर समुद्रात पुढे आलेला आहे. नैर्ऋत्येकडून येणारा वारा आणि लाटा त्या डोंगरावर अडतात आणि आतले पाणी त्यामानाने शांत राहते. मराठ्यांच्या आरमाराने हे बंदर उगीच निवडलेले नव्हते. पावसाळ्यात गलबते समुद्रावर काढायची नाहीत, ती खाडीत आणून डागडुजीला लावायची, ही त्या काळची रीत होती, आणि खाडीत थोडे आत गेले की त्यांची जुनी गोदी आजही दिसते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की कामाला हात घालायचा, अशी ती सोय होती. थांबण्याचा काळ हा कामाचा काळ मानला गेला होता, याचा तो दगडी पुरावा आहे, असे मला तिथे उभे राहून वाटले.

आम्ही २३ तारखेच्या संध्याकाळी खाडीत शिरलो. दुसऱ्या दिवशी अरबी समुद्राच्या पूर्व-मध्य भागात वादळाची जुळणी झाली, २५ ला तिचे 'क्यार' नावाचे चक्रीवादळ झाले आणि २७ ला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळाच्या तीव्रतेला पोहोचले. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढे तीव्र वादळ झाले नव्हते. त्यात अमावास्येचे उधाण. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला.

नौकेवर वायुदाबमापक असते आणि थांबलेल्या माणसाचे पहिले काम म्हणजे त्याची नोंद ठेवणे. आपल्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब वादळ नसतानाही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि हा फरक तीन मिलिबारच्या आसपास असतो. म्हणून सकाळच्या आकड्याशी दुपारचा आकडा ताडून घाबरणे चुकीचे आहे. आजच्या दुपारचा आकडा कालच्या दुपारच्याच आकड्याशी ताडायचा असतो, आणि तो तीनाहून अधिक खाली गेला असेल तर मात्र सावध व्हायचे. आम्ही दर दोन तासांनी वही भरीत होतो. हवामान खात्याची पत्रके आणि हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राचे लाटांचे अंदाज मोबाईलवर मिळत होते. पण अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो आणि वही आपल्या जागेची असते, म्हणून दोन्ही लागतात.

दुसरे काम नांगराचे. मराठीत जमिनीत फिरणारा आणि समुद्रात टाकायचा, दोन्ही नांगरच, आणि ही नामसाम्याची गोष्ट वरवरची नाही. शेतातला नांगर जमिनीत शिरतो, कारण बैलांची ओढ जवळजवळ आडवी असते. ती वर उचलली गेली की फाळ बाहेर येतो. समुद्रातल्या नांगराचेही तेच आहे. साखळी आखूड असेल तर नौका त्याला वर खेचते आणि तो निसटतो. साखळी लांब सोडली तर ओढ तळालगत आडवी जाते आणि तो अधिकाधिक रुतत जातो. आमच्याखाली पाच मीटर पाणी होते, भरतीचे दोन आणि नौकेच्या पुढच्या टोकाच्या उंचीचा एक मीटर धरून आठ. वाईट हवेत याच्या सातपट साखळी सोडतात, म्हणजे ५६ मीटर. आम्ही पहिल्या दिवशी चाळीसच सोडली, कारण आजूबाजूला मासेमारीच्या नौका दाटीने उभ्या होत्या आणि लांब साखळीवर आमची नौका फिरली असती तर त्यांच्यावर जाऊन आदळली असती.

ही कसर २५ च्या रात्री अंगाशी आली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेले होते. त्या रात्री ते हाताला कळले. पहाऱ्यावर मी होतो. नौका जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून ठेवतात. माझ्या खुणा किल्ल्याचा बुरूज आणि धक्क्यावरचा दिवा अशा होत्या. दोनच्या सुमारास दिवा बुरुजाच्या पलीकडे सरकलेला दिसला. नांगर घसरत होता. शेजारच्या ट्रॉलरवरच्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, आमची धावपळ ओळखली आणि काही विचारपूस न करता दोर फेकला. पहाटेपर्यंत आमची नौका त्यांच्या कुशीला बांधलेली होती. दोर घासून तुटू नये म्हणून त्यांनी मध्ये जुन्या टायरचे तुकडे आणि गोणपाट घातले. कर्नाटकातून आलेली ती माणसे आम्हाला पुन्हा कधी भेटणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते.

वादळात बंदराचे गाव म्हणजे काय असते, हे मला इथून पुढे दिसू लागले. गावाच्या नेहमीच्या वस्तीत शेकडो परकी माणसे येऊन पडतात. त्यांना गोडे पाणी लागते, डिझेल लागते, पकडलेली मासळी सडू नये म्हणून बर्फ लागतो, आणि गावाकडेही तो मोजकाच असतो. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळातून निसटलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्ग किनाऱ्याला लागल्या होत्या, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या बोलण्यात सारखी येई. भाषा कळत नसताना एवढ्या माणसांच्या जेवणाखाण्याची काळजी घेणे सोपे नाही. आमच्या वाट्यालाही धक्क्याजवळच्या एका घरून फराळाचा डबा आला, आणि त्या संध्याकाळी कुठल्या कुठल्या राज्यांच्या नौकांवर आकाशकंदील लागले होते, ते मी विसरणार नाही.

बंदरावरच्या या बावट्याला स्वतःचा इतिहास आहे. डिसेंबर १८३१ मध्ये 'बीगल' नावाचे जहाज इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून निघायच्या बेतात होते. १० आणि २१ डिसेंबरला ते निघाले आणि दोन्ही वेळा नैर्ऋत्येच्या वादळी वाऱ्याने त्याला परत बंदरात आणून सोडले. अखेर २७ ला त्याला वाट मिळाली. त्यावर तरुण चार्ल्स डार्विन होता. निघण्याची वाट पाहत प्लिमथमध्ये काढलेल्या दोन महिन्यांत छातीत धडधड होऊन आपल्याला हृदयरोग जडला की काय, अशी त्याला भीती वाटत होती, आणि आयुष्यातला सर्वांत उदास काळ म्हणून त्याने तो पुढे नोंदवला. जहाजाचा कप्तान होता रॉबर्ट फिट्झरॉय. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटून चारशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा याच फिट्झरॉयने तारायंत्राने इशारे पाठवून बंदरांवर खुणा चढवण्याची व्यवस्था उभी केली. १८६१ मध्ये ती सुरू झाली. इशारा दिला आणि वादळ आले नाही की बुडालेल्या धंद्याबद्दल नौकामालक तक्रार करीत. १८६६ मध्ये इशारे बंद केले गेले आणि समुद्रावर जाणाऱ्यांच्याच मागणीवरून १८६७ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. आपल्याकडे १८६४ च्या ऑक्टोबरमधल्या कलकत्त्याच्या भीषण चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्यांची सोय झाली. हवामान खाते त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये स्थापन झाले.

नौकामालकांची ती तक्रार मला परकी वाटत नाही. 'क्यार' किनाऱ्यावर आलेच नाही. ते ओमानच्या दिशेने दूर निघून गेले. २९ तारखेला वारा पडला, ऊन पडले, आणि आमच्यातल्या एकाची रजा संपत आली होती. आम्ही थांबलो ते व्यर्थ गेले आणि आता तरी निघू, असे तो म्हणाला. मलाही ते पटत होते, हे कबूल केले पाहिजे. धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या दादांना विचारले, तर ते म्हणाले, "वारो पडलो, दर्यो अजून पडाक नाय." वादळ शेकडो मैल दूर गेले तरी त्याने उठवलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येतच राहतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना समोरून अशी लाट आली की ती त्या उंचवट्यावर उभी होऊन फुटते, आणि बाहेरून अगदी निळा दिसणारा समुद्र तिथे नौका उलथवतो. आम्ही थांबलो. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, दक्षिणेकडे 'महा' वादळ जुळले आणि आठवडाभर त्याने साऱ्या किनाऱ्याला टांगणीला लावले. ते आधी वायव्येला गेले, मग वळून गुजरातकडे आले आणि किनाऱ्यापाशी येता येता विरले. आमचा सोबती एस.टी.ने घरी गेला. त्याने घाईत नौका बाहेर काढायला लावली नाही, याचा मला त्याच्याविषयी आजही आदर वाटतो.

त्याच आठवड्यात मी घरी फोन केला. आपल्याकडेही पाऊस लागलेला होता आणि कापून बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, पसरलेल्या धानाच्या कडपा भिजत होत्या; त्यांचा पुंजना, म्हणजे गंजी, रचता येत नव्हता. बाबा रोज उठून आकाश बघत होते, मी रोज उठून वही बघत होतो. फरक इतकाच, की मला शिरायला खाडी होती. कडपांना छप्पर नव्हते. थांबायचे ठरवणे एक आणि थांबायला जागा असणे वेगळे, हे मला विजयदुर्गच्या निवांत पाण्यात बसून फार टोचले.

८ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीला, बावटा उतरला. कोकणात भरतीची वेळ काढायचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. दुसऱ्या दिवशी द्वादशी, म्हणजे बाराची पाऊणपट नऊ. भरतीच्या भरलेल्या, स्थिर पाण्यावर मुख ओलांडायचे, म्हणून नऊच्या थोडे आधी आम्ही साखळी ओढायला घेतली. कित्येक दिवस रुतलेला नांगर वर आला तो काळ्या चिखलाचा गोळा होऊन, आणि त्याला रोवणीच्या दिवसांत बांधीला येतो तसाच वास होता. मुखाशी लाट लांब आणि सपाट होती. आमच्यापुढे गावच्या नौका केव्हाच बाहेर पडल्या होत्या. जमिनीवरून येणारा मतलई वारा दहापर्यंत टिकला, मग समुद्रावरून खारा वारा लागला, आणि सूर्य कलताना मालवणसमोरचा सिंधुदुर्ग दिसू लागला.

नांगर धरल्याची खात्री करून मी घरी फोन लावला. "खालच्या बांधीतला गेला, वरचा वाळला," बाबा म्हणाले. "आज पुंजना रचतो आहो."