फिनिक्सचा वीकेंड: मैल नको, फूट मोजा

(पार्किंगमध्ये उभी गाडी. कॅमेरा डॅशबोर्डवर.)

हा आकडा बघा. ११४ फॅरनहाइट. सेल्सिअसमध्ये साडेपंचेचाळीस. जुलै महिना, संध्याकाळचे सव्वापाच, आणि गाव चॅन्डलर, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या फिनिक्सचंच उपनगर. स्टिअरिंगला नुसता हात लावता येत नाही, म्हणून गरम भांडी उतरवायचं जाडं फडकं मी गाडीतच ठेवते. हसू नका. इथे राहणाऱ्यांच्या गाडीत असं काहीतरी सापडतंच.

नमस्कार मंडळी. दर उन्हाळ्यात मला ठरलेला मेसेज येतो. "ताई, आईबाबा भारतातून आलेत, घरात बसून कंटाळलेत, दोन-तीन तासांत कुठे नेऊ?" मुलांच्या शाळेला सुट्टी, म्हणून आपण त्यांना बोलावतो नेमके उन्हाळ्यात. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्यावर होता. माझे सासू-सासरे त्याच महिन्यात आमच्याकडे होते. सासरे रोज पहाटे साडेचारला फिरायला जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "सूर्य नाही उगवला अजून, आणि हा घाम बघ."

तर या मेसेजला लोक उत्तर देतात ते मैलांत. अमुक ठिकाण ९० मैल, तमुक ११५. मी म्हणते मैल सोडा, फूट बघा. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम १,१०० फुटांवर आहे. हजार फूट चढलात की तापमान साधारण ४ अंश फॅरनहाइटने उतरतं. दक्षिणेला ११५ मैलांवर टूसॉन आहे, पण ते २,४०० फुटांवर, म्हणजे जुलैत तिथे शंभरी गाठलेलीच. उत्तरेला आणखी फक्त ३० मैल जास्त, म्हणजे १४५ मैल गेलात तर फ्लॅगस्टाफ, उंची जवळपास ७,००० फूट, आणि दुपारी ८२-८३. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे फ्लॅगस्टाफचं रेल्वे स्टेशनसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दीड हजार फूट वर आहे. आणि तिथे पोचायला दोर लागत नाही, शिड्या लागत नाहीत, नुसता आय-१७ हायवे धरायचा.

हा रस्ता मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळते. ब्लॅक कॅन्यन सिटीनंतर घाट लागतो. तोवर दोन्ही बाजूला सवारो निवडुंग, ते हात वर करून उभे असतात ते. इंग्रजीत लिहिताना मध्ये 'ग' असतो, पण तो म्हणायचा नाही. पहिला हात फुटायलाच त्याला ५० ते ७५ वर्षं लागतात, तेव्हा ज्याला चार-पाच हात दिसतील त्याला आजोबाच म्हणा. घाट चढून सनसेट पॉइंटला आलात की मागे वळून बघा. पुढे सवारो संपतात. पिवळं गवत लागतं, मग जुनिपरची झुडपं, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उंच पाँडेरोसा पाइन. खिडकी खाली करा. एखाद्या जुन्या झाडापाशी थांबून सालीच्या भेगेत नाक घाला, व्हॅनिलासारखा वास येतो. सासूबाई म्हणाल्या, "आइस्क्रीमचं झाड!"

आणि मागच्या सीटवरच्या चिवड्याच्या पुड्याकडे लक्ष ठेवा. दुकानातून आणलेला सीलबंद पुडा वर पोचेपर्यंत उशीसारखा फुगतो. बाहेर हवेचा दाब कमी, आतला तेवढाच. आमच्याकडे एकदा मुलीने तो मांडीवरच फोडला. पुढे महिनाभर सीटच्या फटीतून शेंगदाणे निघत होते.

फ्लॅगस्टाफला मुक्काम केलात तर रात्र वाया घालवू नका. लॉवेल वेधशाळा १८९४ ची, प्लूटो १९३० मध्ये इथेच सापडला. आणि तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपणारं जगातलं पहिलं अधिकृत शहर, २००१ पासून, हेच. रात्री स्वेटर लागतो, हो, जुलैमध्येसुद्धा. आम्ही पहिल्या वेळी नेला नव्हता. चौघं जण हॉटेलचे टॉवेल पांघरून आकाश बघत होतो.

आता सेडोना. मला माहितीये, तुम्ही त्याचीच वाट बघताय. लाल खडक सुंदर आहेत, वादच नाही. पण उन्हाळ्यात सेडोनाला थंड हवेसाठी जाऊ नका. उंची ४,३०० फूट, म्हणजे महाबळेश्वरएवढी, पण हवा महाबळेश्वरची नाही. जुलैत पंच्याण्णवच्या पुढे असतंच. जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. शटल चालू असते त्या दिवशी कॅथेड्रल रॉक या तिथल्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याचं पार्किंग बंद असतं, तेव्हा गाडी लांब लावून शटलनेच जा. आम्ही मार्चच्या सुट्टीत न बघता गेलो, आणि दोन तास एकाच रस्त्यावर वर-खाली केलं. फोटो सगळे गाडीच्या काचेतून. उन्हाळ्यात गेलातच तर स्लाइड रॉकला जा. ओक क्रीकच्या पाण्याने खडकाची नैसर्गिक घसरगुंडी झालीये. मुलांना जुनी पँट घाला, कारण खडक कापड खातो, आणि मोठ्यांनो, शेवाळावर पाय जपून टाका. सकाळी लवकर पोचा, भरलं की गेट बंद करतात.

वाटेत माँटेझुमा कॅसल लागतं. कड्याच्या कपारीत बांधलेलं पाच मजली घर. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांच्या माँटेझुमा राजाचा त्याच्याशी काही संबंध नाही, नाव गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गैरसमजातून पडलं. बांधलं इथल्या मूळ रहिवासी सिनाग्वा लोकांनी, आणि राजा जन्मायच्या आधीच ते लोक घर सोडून गेले होते. अर्धा तास पुरतो, पायवाट सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांना चालेल.

गुडघ्यांवरून आठवलं, पेसन गाव. फिनिक्सपासून ९० मैल, बीलाइन हायवे, उंची जवळपास ५,००० फूट. तिथून थोडं पुढे टाँटो नॅचरल ब्रिज. चुनखडीच्या पाण्याने तयार झालेला पूल, १८३ फूट उंच, खालचा बोगदा ४०० फूट लांब. खाली उतरायची वाट खडी आणि निसरडी आहे, ती ज्येष्ठांसाठी नाही. पण पार्किंगजवळच वरून बघायच्या जागा आहेत. आजी-आजोबांना तिथे सावलीत बसवा, थर्मास हातात द्या, तुम्ही खाली जाऊन या. एका दिवसाची सहल हवी असेल तर माझं पहिलं नाव हेच.

प्रेस्कट? बरं आहे. ५,४०० फूट, जुनं कोर्ट, चौक, झाडं. एक दुपार जाते.

आता माझी लाडकी जागा. फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला ४० मैलांवर मिटिऑर क्रेटर. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी लोखंडी उल्का पडून झालेला खड्डा, व्यास १.२ किलोमीटर, खोली १७० मीटर. बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ मध्ये ही जागा घेतली, कारण त्याला वाटलं खाली प्रचंड लोखंड पुरलेलं आहे. पंचवीसेक वर्षं खणत राहिला. काही मिळालं नाही, कारण आदळतानाच बहुतेक सगळं लोखंड वितळून उधळलं होतं. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो अंतराळवीरांनी इथे सराव केला.

सासरे बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकरचे. कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमचं लोणार याच्यापेक्षा मोठं आहे." मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण मोबाइलवर बघितलं तर लोणारचा व्यास १.८ किलोमीटर! आणि तिथे पाणी, काठाला देवळं, झाडी. इथे नुसता कोरडा वाडगा. बाबा परत येताना अख्ख्या रस्त्यात खुशीत होते.

ग्रँड कॅन्यन मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. साडेतीन तास एका बाजूने, एका दिवसात करू नका, राहा. पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू रस्त्याने गाडी न्या. तिथून एक शिखर दिसतं, त्याचं नाव विष्णू टेम्पल. शिवा आणि ब्रह्मा टेम्पलही आहेत. १८८० च्या दशकात डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या शिखरांना अशी नावं द्यायला सुरुवात केली. देऊळ शोधू नका, नुसते खडक आहेत. तळाशी नदीकाठी जो काळा खडक दिसतो त्याला विष्णू शिस्ट म्हणतात. वय सुमारे १७० कोटी वर्षं. सासूबाईंनी कठड्यापाशी हात जोडले, बाजूच्या जर्मन बाईंनी बघून तसेच जोडले.

दोन गोष्टी नीट ऐका. जुलै ते सप्टेंबर इथे मान्सून. टूसॉनकडे जाताना आय-१० वर धुळीची भिंत आली तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा तुम्हाला रस्ता समजून येऊन आदळतो. दुसरं, कोरडा ओढा भरून वाहत असेल आणि अडथळा लावला असेल तर गाडी घालू नका. अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदाच आहे, आणि त्याला लोक सरळ मूर्ख ड्रायव्हरचा कायदा म्हणतात.

परतीचं. रविवारी चार ते आठ आय-१७ वर सगळं फिनिक्स एकाच वेळी उतरत असतं. एक तर दुपारी दोनच्या आत निघा, नाही तर वरच जेवून साडेआठला. आम्ही जेवतो. घाट उतरताना मागून कट्-कट् आवाज येतो, घाबरू नका. झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली असते, वरची हलकी हवा भरलेली, खाली आली की चेपत जाते. चॅन्डलरला पोचेपर्यंत ती पार चिरगुटासारखी होते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि डॅशबोर्डवर १०१.