रवांडाला नेमकं हवं काय होतं?

नमस्कार मंडळी! आज थेट आकड्यांपासून सुरुवात करू.

आफ्रिकेतला रवांडा हा छोटा देश, साल 2005 च्या आसपास. परदेशातून आलेल्या आरोग्य मदतीपैकी एचआयव्हीसाठी साधारण 4 कोटी 70 लाख डॉलर. मलेरियासाठी 1 कोटी 80 लाख. आणि लहान मुलांच्या आजारांवरच्या एकत्रित उपचारांसाठी फक्त 10 लाख!

[स्क्रीनवर तिन्ही आकडे]

त्या वेळी तिथल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण होतं 3 टक्के. आणि जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी 152 पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत होती. लग्नात आहेर म्हणून सात भिंतीवरची घड्याळं यावीत आणि कुकर एकही नसावा, तशी गत.

जमिनीवर याचा अर्थ काय? आरोग्य केंद्रात एड्सच्या गोळ्यांचं कपाट भरलेलं, त्याचं रजिस्टर वेगळं, अहवाल वेगळा. आणि आई न्यूमोनियाने पोट उडणारं बाळ घेऊन आली, तर काही रुपयांचं अँटिबायोटिक त्या दिवशी असेलच याची खात्री नाही.

आता लगेच दात्यांना शिव्या घालू नका हं. अमेरिकेची पेपफार ही एड्सविरोधी योजना 2003 ची. पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलर. त्या पैशाने आफ्रिकेत लाखो माणसं मरणाच्या दारातून परत आली, याबद्दल वाद नाही. पण पैसा कशावर खर्च करायचा ते ठरत होतं वॉशिंग्टनमध्ये. मूळ कायद्यात अट होती, एड्स प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश वाटा 'लग्नापर्यंत संयम पाळा' या प्रचारावर लागला पाहिजे. नवऱ्याकडूनच लागण झालेल्या बाईला हा उपदेश काय कामाचा, सांगा बरं! 2008 मध्ये ही सक्ती काढली.

हे असं होतं, कारण दात्याला घरी जाऊन हिशेब द्यायचा असतो. इतक्या लोकांना गोळ्या दिल्या, इतक्या मुलांना लस टोचली, हे मोजता येतं. नर्सचा पगार, औषधांची साठवण, वीज... याचा फोटो कोण काढणार? रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांनी होणारे साधारण तीन चतुर्थांश मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. जागतिक आरोग्य मदतीत या आजारांचा वाटा दोनेक टक्के.

रवांडाची हुशारी मला इथे आवडते. एचआयव्हीच्या नावाने आलेल्या पैशातून त्यांनी इमारती, प्रयोगशाळा, कर्मचारी असे उभे केले की बाळंतीण आणि तापाचा रुग्ण यांनाही उपयोग व्हावा. सोबत गावोगावचे आरोग्यसेवक आणि सामूहिक विमा. बालमृत्यूंचा 152 चा आकडा 2010 मध्ये 76 वर आला. याचं सगळं श्रेय मदतीला देता येणार नाही, पण सरकारचा आराखडा तयार होता आणि दात्याला त्यात बसवलं, हे खरं.

2012 पासून तर पेपफारच्या पैशातून अमेरिकी विद्यापीठांचे प्राध्यापक रवांडात डॉक्टर-नर्स घडवायला आले. देशाला नेमकं हेच हवं होतं. सात वर्षांची योजना होती. पेपफारने 2017 मध्येच हात आखडता घेतला.