मृगाआधी घर शाकारून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

मृग तोंडावर आला की जुन्या नाशकात गल्लोगल्ली शिड्या लागायच्या. कौलं उतरवायची, झाडून पुसून पुन्हा लावायची, फुटकी बदलायची. आता शिड्या लागतात त्या बहुतेक पत्रा टाकायला. गळतंय ना, मग काढा सगळी कौलं, असा सरसकट हिशेब. मला हे पटत नाही आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे. गळतं ते सहसा चार-सहा ठिकाणी, आणि त्यासाठी अख्खं छप्पर मोडायचं कारण नसतं.

आपल्याकडच्या बहुतेक कौलारू घरांवर मंगलोरी कौलं आहेत. बाझेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळीकडे पसरली. त्याआधी कुंभाराने घडवलेली नळीची कौलं असत. मंगलोरी कौल साधारण दोन-अडीच किलोचं. त्याच्या पाठीला खुंटी असते, ती रिपेला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीला अडकते. कडेची पन्हळ, म्हणजे खोबण, शेजारच्या कौलाच्या पन्हळीत बसते. ना खिळा, ना सिमेंट. म्हणूनच एक कौल फुटलं तर तेवढं एकच बदलता येतं. हिमाचलात देवदाराच्या लाकडी फळ्यांनी शाकारलेली छपरं असतात, तिथेही फाटलेली फळी तेवढी काढून नवी फळी वरच्या ओळीखाली सरकवतात.

आता गळती शोधायची कशी? घरात जिथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर भोक असेल असं समजू नका. फुटक्या कौलातून आलेलं पाणी वाशाच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडाच्या, किंवा रिपेच्या पोटाला धरून उतरत जातं आणि हात-दोन हात खाली येऊन टपकतं. भर दुपारी माळ्यावर जा, खिडक्या लावून घ्या, डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उन्हाची तिरीप आत येते तिथे खडूने खूण करा. शिवाय वाशांवर पाण्याचे काळपट ओघळ दिसतात, ते चढाच्या दिशेने शोधत गेलात की मूळ जागा सापडते.

वर चढायचं ते कौलं पूर्ण सुकलेली असताना, सकाळच्या उन्हात. शेवाळलेल्या कौलावर पाय कधी सरकेल सांगता येत नाही. कमरेला दोर हवाच आणि खाली एक माणूस हवा. पाय कौलाच्या मध्यावर देऊ नका. जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात आणि खाली रीप असते तिथेच द्या, किंवा आडवी फळी टाकून तिच्यावरून चाला. वरच्या ओळीतली कौलं पाचर घालून जराशी उचला, फुटकं कौल ओढून घ्या, नवं सरकवा आणि खुंटी रिपेला अडकल्याचं हाताने चाचपून पाहा. नवं कौल बोटाने वाजवून घ्यावं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर त्याला तडा आहे. दुकानात जाताना आपलं एक जुनं कौल बरोबर न्या, कारण एका कारखान्याची पन्हळ दुसऱ्याच्या कौलाला बसेलच असं नाही. पाडलेल्या वाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे जुळती कौलं हमखास मिळतात.

कौलं काढलीच आहेत तर खालचं लाकूड बघा. दाभण किंवा स्क्रू ड्रायव्हर रिपेत, वाशाच्या टोकात टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. रीप बदलणं स्वस्तातलं काम आहे, ते टाळू नका. वासा टोकालाच कुजला असेल तर त्याच्या अंगाला नवा वासा बोल्टने आवळून आधार देता येतो. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. लागते ती नंतर कुणीतरी घातलेल्या हलक्या लाकडाला.

पण श्रोतेहो, वाड्यांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची जागा निराळीच असते. दोन घरांच्या उतारांमधली पन्हाळ! भद्रकाली, पंचवटी इकडच्या जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून. दोन्ही पाखांचं पाणी या एकाच पन्हाळीत येतं, तिथेच पिंपळाची पानं साचतात, पत्रा गंजतो आणि पाणी थेट भिंतीच्या माथ्यात मुरतं. भिंत मातीची. आतून भिजत भिजत ती एक दिवस बसते. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी भिंतींत हे पाणी आधीपासून मुरत असणार. मालक म्हणतो, भाडं येतं ते किती, आणि भाडेकरू म्हणतो, घर कुठे माझं. दोघांनी मिळून निदान पन्हाळ तरी साफ करा, नवा पत्रा घाला. तेवढा खर्च वाटून घेता येतो. भिंतीला मोठी भेग दिसत असेल, ती फुगली असेल, तर मात्र शाकारणीच्या भानगडीत न पडता आधी इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्या खोलीत झोपू नका.

आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं बसवायला नुसतं सिमेंट वापरू नका, चुन्याचा मसाला वापरा. लाकूड उन्हात-पावसात हलतं. चुना थोडं सोसतो, सिमेंट तडकतं.

काम झालं की बादलीने पाणी ओतून बघा, पण वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून सुरू करा आणि ओळीओळीने वर जा. आढ्यापासून ओतलंत तर सगळंच भिजेल आणि कुठली ओळ गळते ते कळणारच नाही. आणि हो, जुळणारी थोडी कौलं माळ्यावर राखून ठेवा. त्र्यंबकला, इगतपुरीला राहणाऱ्यांनी जरा जास्तच ठेवा. तिकडे पाऊसही दांडगा आणि त्र्यंबकला माकडंही.