पन्नास हजार वाचक आणि एकाचाही पत्ता नाही

इंग्लंडमधलं सॉल्झबरी. सकाळची लंडनला जाणारी ट्रेन. आपल्याकडे कर्जत-कसाऱ्याहून निघणारी माणसं गाडीत शिरली की आधी बूड टेकायला जागा बघतात, तिथेही तेच, फक्त मार्क डॉसन नावाचा हा माणूस जागा मिळाली की लॅपटॉप उघडायचा आणि सरळ खुनापासून सुरुवात करायचा. शिक्षणाने वकील, लंडनला नोकरी, गाडीला साधारण दीड तास जायला आणि तेवढाच यायला, आणि तेवढ्या वेळात जमेल तितकं थ्रिलर लिहायचं. रोज. पाऊस असो, गर्दी असो.

या माणसाचं एक पुस्तक आधी रीतसर छापलं गेलं होतं, २००० साली, मोठ्या प्रकाशकाकडून. चाललं नाही. लेखक म्हणून आपलं संपलं असं समजून तो नोकरीला लागला, आणि मग काही वर्षांनी ईबुक वाचायचं अ‍ॅमेझॉनचं यंत्र, किंडल, आलं, आणि त्याने स्वतःच एक कादंबरी अपलोड केली. 'द ब्लॅक माइल', दुसऱ्या महायुद्धातलं लंडन, वरून बॉम्ब पडतायत आणि खाली अंधारात एक खुनी फिरतोय. पुस्तक कोणी घेईना म्हणून त्याने ते थोडे दिवस फुकट ठेवलं.

एका वीकेंडमध्ये ५०,००० डाउनलोड झाले.

विचार करा ना, पन्नास हजार. आपल्याकडे मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती संपली की लेखक पेढे वाटतो. डॉसनलाही वाटलं की झालं, जिंकलो. आणि मग सोमवार आला, फुकटची मुदत संपली, आणि सगळं परत गप्प. ज्यांनी पुस्तक घेतलं त्यातला एकही माणूस त्याला माहीत नव्हता. पुढचं पुस्तक आलं की सांगायचं कोणाला? पत्ता नाही, ईमेल नाही, काहीच नाही. पन्नास हजार माणसं दारातून येऊन गेली आणि याने कोणाचं नावही विचारलं नाही. त्याने नंतर हे स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण ऑनलाइन पुस्तक विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक हीच असते.

आता जरा मागे जाऊ. अमेरिका, शिकागोजवळची उपनगरं. जो कॉनरथ. थ्रिलर लिहिणारा, आणि नकार खाऊन खाऊन निबर झालेला. नऊ कादंबऱ्या पडून होत्या, नकाराची पत्रं पाचशेच्या आसपास, तेव्हा कुठे २००४ मध्ये त्याची पहिली कादंबरी बाजारात आली, शिकागो पोलिसांतली एक बाई नायिका, जॅक डॅनियल्स, आणि मालिकेतल्या पुस्तकांना कॉकटेलची नावं. प्रकाशक मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं आपल्याला वाटतं, पण प्रचार कोण करणार? मग हा बाबा स्वतः गाडी काढून निघाला. २००६ च्या एका उन्हाळ्यात त्याने ५०० च्या वर पुस्तकांची दुकानं पालथी घातली, दुकानात जायचं, स्वतःच्या प्रतींवर सह्या करायच्या, काउंटरवरच्या पोराशी दोन शब्द बोलायचं आणि पुढच्या गावाला. शिवाय लायब्रऱ्यांना हजारोंनी पत्रं पाठवली. मला हे वाचताना आपले ते लेखक आठवतात जे पिशवीत पुस्तकं घालून साहित्य संमेलनात स्टॉलच्या कोपऱ्यात उभे असतात. कष्ट तेच, फक्त रस्ता लांब.

आणि बघा काय झालं. ज्या कादंबऱ्या कोणी घेतल्या नव्हत्या त्या त्याने आपल्या वेबसाइटवर पीडीएफ करून फुकट ठेवल्या होत्या. पडून राहण्यापेक्षा कोणीतरी वाचेल, एवढंच. २००७ च्या १९ नोव्हेंबरला अ‍ॅमेझॉनने पहिलं किंडल काढलं, किंमत ३९९ डॉलर, साडेपाच तासात सगळे संपले. आणि त्यानंतर वाचक कॉनरथला लिहायला लागले की अहो, ती पीडीएफ आम्हाला किंडलवर वाचायचीय, टाका की. म्हणजे कल्पना त्याची नव्हतीच! वाचकांनी मागितलं. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याने नाकारलेली पुस्तकं किंडलवर चढवली, एक-दोन डॉलर किंमत लावून, फार अपेक्षा न ठेवता. पुढच्या महिन्यांत ज्या पुस्तकांना प्रकाशकांनी दारात उभं केलं नव्हतं त्या पुस्तकांतून घराचा हप्ता निघायला लागला.

इथे थोडा हिशोब समजून घ्या, कारण या सगळ्या गोष्टीचा कणा हिशोबात आहे. सुरुवातीला किंडलवर लेखकाला ३५ टक्के मिळायचे. २०१० च्या ३० जूनपासून नियम बदलला, २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मधली किंमत ठेवली तर ७० टक्के, त्याच्या खाली गेलात तर तेच ३५. आणि मोठ्या प्रकाशकाकडे ईबुक असेल तर? प्रकाशकाच्या हातात जे पडतं त्याचा २५ टक्के हिस्सा लेखकाला, म्हणजे ईबुकच्या विक्रीच्या किमतीच्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास, त्यातले १५ टक्के एजंटचे. उरले पंधराच्या आत. एकीकडे सत्तर, एकीकडे पंधरा. कॉनरथने हा हिशोब स्वतःच्या विक्रीच्या आकड्यांसकट जगासमोर मांडला, महिन्याला किती प्रती, किती पैसे, काही न लपवता. लेखक आपली कमाई अशी चारचौघांत सांगत नाहीत. त्याने सांगितली म्हणून बाकीच्यांना धीर आला, आणि यासाठी मी त्याला फार मानतो.

पण किमतीचं कोडं तसं सोपं नाही. २.९९ ला विकलं तर हातात दोन डॉलर येतात, ९९ सेंटला विकलं तर ३५ सेंट. म्हणजे किंमत एक तृतीयांश केली तर तेवढेच पैसे मिळवायला जवळजवळ सहापट प्रती विकाव्या लागतात. २०११ च्या सुरुवातीला कॉनरथने आपल्या एका जुन्या टेक्नो-थ्रिलरची किंमत ९९ सेंटवर आणून बघितली आणि विक्री इतकी वाढली की कमाई आधीपेक्षा जास्त झाली, कारण पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या खपाच्या यादीत वर चढलं आणि यादीत वर असलेलं पुस्तक लोकांना दिसतं आणि दिसतं तेच विकलं जातं. पण हे प्रत्येक पुस्तकाला होतं का, तर नाही. खाली आणलेली किंमत पुस्तकाला यादीत चढायला शिडी देते, चढायचं पुस्तकालाच असतं, मुखपृष्ठ नखाएवढं दिसत असतानाही वाचता यायला हवं, पहिल्या दोन ओळीत काहीतरी घडायला हवं. थ्रिलरला हे सगळ्यात जास्त लागू.

२०११ हे वर्ष तर वेडच होतं. मार्च महिन्यात बॅरी आयस्लर, आधी सीआयएमध्ये काम केलेला, थ्रिलर लिहिणारा, नाव असलेला लेखक, त्याने सेंट मार्टिन्स प्रेसचा दोन पुस्तकांचा पाच लाख डॉलरचा करार नाकारला, म्हणाला मी स्वतःच काढतो. आणि त्याच महिन्यात स्वतःची ईबुकं विकून वर आलेल्या अमांडा हॉकिंगने त्याच प्रकाशकाशी चार पुस्तकांचा वीस लाख डॉलरच्या वरचा करार केला. एक बाहेर पडतोय, एक आत जातेय, दरवाजा तोच. तिचं म्हणणं साधं होतं, मला लिहायचंय, दिवसभर ईमेल आणि फॉर्मॅटिंग करत बसायचं नाहीये. आणि हे कोणी बोलत नाही पण खरंय, स्वतंत्र लेखकाचा अर्धा दिवस लिहिण्यात जातच नाही. आयस्लरही काही महिन्यांतच अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या थ्रिलर प्रकाशनाकडे गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये केंटकीच्या जॉन लॉकने दहा लाख किंडल प्रतींचा टप्पा गाठला, स्वतः प्रकाशित करणाऱ्यांमधला पहिला. पुस्तकं ९९ सेंटची, नायक डोनोव्हन क्रीड, वाचायला झटपट. सगळीकडे नाव झालं, हे कसं केलं यावर त्याने पुस्तकही लिहिलं. आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्याने पैसे देऊन शेकडो रिव्ह्यू विकत घेतले होते.

मला याचा राग येतो, आणि लपवत नाही. दहा लाख प्रती काही फक्त त्या रिव्ह्यूंवर विकल्या गेल्या नाहीत हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून ज्याने कोणाला एक पैसा दिला नाही, ज्याच्या पुस्तकाला बारा खरे रिव्ह्यू आहेत आणि त्यातला एक त्याच्या शाळेतल्या बाईंनी मनापासून लिहिलाय, त्याच्याकडेही लोक संशयाने बघायला लागले. विकत घेतलेल्या रिव्ह्यूचं बिल असं दुसऱ्यांनी भरलं.

परत डॉसनकडे येऊ. त्या वीकेंडनंतर त्याने काय केलं ते मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

त्याने नवीन मालिका सुरू केली. जॉन मिल्टन, सरकारसाठी माणसं मारणारा आणि आता त्या कामाला विटलेला. आणि या वेळी त्याने पुस्तकाच्या शेवटी एक लिंक टाकली, तुमचा ईमेल द्या, तुम्हाला आणखी एक गोष्ट फुकट पाठवतो. बस. रात्री एक वाजता थ्रिलर संपतं, झोप उडालेली असते, नायकाचं पुढे काय झालं हे कळायला पाहिजे असतं, आणि नेमक्या त्या क्षणी लेखक समोर उभा राहून म्हणतो की या, बसा, अजून आहे माझ्याकडे. दुकानात ठेवलेल्या पुस्तकाला हे जमत नाही. फुकट वाटायला त्याने पुढेही मागेपुढे बघितलं नाही, पण आता फुकटच्या बदल्यात तो पत्ता मागत होता. २०१५ पर्यंत त्याच्या ईमेलच्या यादीत १५,००० माणसं झाली होती, तो रोज फेसबुकच्या जाहिरातींवर ३७० डॉलरच्या आसपास खर्च करत होता आणि त्याच्या दुप्पट परत येत होते, वर्षाची कमाई साडेचार लाख डॉलर. आणि वाचकांच्या ईमेलना तो उत्तरं देत होता! नवीन पुस्तक आलं की पहिल्या दिवशी हजारो घरांत एकदम निरोप जायचा, पुस्तक खपाच्या यादीत चढायचं आणि मग अ‍ॅमेझॉन स्वतःहून ते अनोळखी लोकांना दाखवायला लागायचं.

बुकबब नावाची एक सेवा पण २०१२ मध्ये आली, स्वस्त ईबुकांची माहिती रोज ईमेलने वाचकांना पाठवणारी. लेखक तिथे पैसे भरून जागा घेतात, पण पैसे आहेत म्हणून मिळत नाही, त्यांचे संपादक निवडतात. पुन्हा बघा, सगळा धंदा ईमेल पत्त्यांच्या यादीवर उभा.

किंडल अनलिमिटेडचं थोडक्यात सांगतो. २०१४ च्या जुलैत अमेरिकेत, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये भारतात. महिन्याचे ठरावीक पैसे भरा आणि वाचा. आधी वाचकाने दहा टक्के पुस्तक वाचलं की लेखकाला पैसे, म्हणून लोकांनी वीस-वीस पानांची पुस्तकं ओतली. २०१५ च्या जुलैपासून जितकी पानं वाचली तितके पैसे, मग काहींनी पहिल्याच पानावर लिंक टाकून वाचकाला एकदम शेवटच्या पानावर न्यायचं सुरू केलं, म्हणजे सगळी पानं वाचली असं मोजलं जाईल. तेही बंद करावं लागलं. पण सरळ थ्रिलर लिहिणाऱ्याला हा नियम फायद्याचा आहे, ज्याचं पुस्तक खाली ठेववत नाही त्याला पानागणिक पैसे.

आपल्याकडचं सांगायचं तर २०१६ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने पाच भारतीय भाषांची ईबुकं किंडलवर आणली आणि त्यात मराठी होती. आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर एक अट आहे, ते ईबुक फक्त अ‍ॅमेझॉनवरच, नव्वद-नव्वद दिवसांच्या कराराने, दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही. नाहीतर ३५. म्हणजे स्वतंत्र लेखक म्हणायचं आणि दुकान एकच. हे ज्याने त्याने डोळे उघडे ठेवून ठरवावं, मी फक्त सांगतोय.

डॉसनबद्दल अजून एक, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही. २०२० च्या जुलैत त्याचं एक पुस्तक हार्डबॅकमध्ये आलं होतं, संडे टाइम्स या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या खपाच्या यादीत ते तेराव्या नंबरला होतं. त्याने सॉल्झबरीतल्या एका दुकानातून आपल्याच पुस्तकाच्या ४०० प्रती घेतल्या, ३,६०० पौंड मोजून. त्याचं म्हणणं असं की परदेशातल्या वाचकांना पाठवायच्या होत्या. पुस्तक आठव्या नंबरवर गेलं. त्याने हे स्वतःच सांगितलं, गदारोळ झाला, यादी पुन्हा मोजली गेली आणि पहिल्या दहातून नाव गेलं. लाखो ईबुकं विकलेला माणूस, वाचकांची एवढी मोठी यादी हातात असलेला, त्यालाही छापील यादीतला तो नंबर हवासा वाटला. मला वाटतं २००० साली न चाललेलं ते पहिलं पुस्तक मनातून गेलं नसावं.

हे सगळं जमवताना मी घरातल्या जुन्या मराठी रहस्यकथा काढून बसलो होतो, वाचनालयाचे शिक्के मारलेल्या, शिवण सुटलेल्या, पानांना तो वास. शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाची जाहिरात, किंमत, आणि खाली प्रकाशकाचा पत्ता. रुपया-दोन रुपयांची पुस्तकं ती. मग किंडलवर नवीन लेखकांच्या मराठी थ्रिलरची शेवटची पानं बघितली, एकामागून एक. कथा संपते, 'समाप्त' येतं, आणि खाली पान कोरं. लेखकाला कळवायचं होतं की शेवट फार आवडला, रात्रभर झोप नाही लागली.

कळवायचं कुठे?